विश्लेषण : संकेतस्थळ चालते, पण दुरुस्त करता येईल का? कोडची गुंतागुंत कशी मोजतात?

मालमत्ता कर, पाणीपट्टी, दाखले, तक्रारी अशा महापालिकांच्या अनेक सेवा आता संकेतस्थळांवर आल्या आहेत. नियम बदलला की ही संकेतस्थळेही बदलावी लागतात आणि अनेकदा नेमक्या त्याच वेळी ती बिघडतात. असा बिघाड होण्याची शक्यता कोडकडे पाहून आधी ओळखता येते का? त्यासाठी कोणती मोजमापे आहेत आणि त्यांवर किती भरवसा ठेवावा, याचा हा आढावा.

ओळी मोजून का भागत नाही?

ठाण्यातील घोडबंदर रोड माजिवड्यापासून गायमुखपर्यंत जेमतेम दहा-अकरा किलोमीटरचा आहे. पण ‘किती वेळ लागेल?’ असे विचारले तर इथला रहिवासी किलोमीटर सांगत नाही. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली ही नाकी तो मनात मोजतो, मेट्रोचे काम आणि गायमुख घाटाची स्थिती विचारात घेतो आणि मगच उत्तर देतो. त्रास अंतराचा नसतो, तो चौकांचा असतो.

सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. एखादे संकेतस्थळ पन्नास हजार ओळींचे आहे, एवढ्या माहितीवरून त्याच्या आकाराचा अंदाज येतो, अडचणीचा येत नाही. सरळ एकामागून एक चालणाऱ्या दोनशे ओळी वाचणे सोपे असते. मात्र चाळीस ओळींत पंधरा वेळा ‘असे असेल तर हे कर, नाहीतर ते कर’ असे असेल, तर अनुभवी प्रोग्रामरही अडखळतो. म्हणूनच ओळींऐवजी कोडमधले चौक, म्हणजे निर्णयाच्या जागा मोजण्याची कल्पना पुढे आली.

‘सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी’ म्हणजे काय?

ही कल्पना अमेरिकी संगणकतज्ज्ञ थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडली. गणितातील आलेखशास्त्राचा आधार घेऊन त्यांनी प्रोग्रामचा नकाशा काढला. कोडचे टप्पे म्हणजे बिंदू आणि एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाण्याच्या वाटा म्हणजे रेषा. एका फंक्शनसाठी रेषांच्या संख्येतून बिंदूंची संख्या वजा करून त्यात दोन मिळवले की जो आकडा येतो, ती त्याची सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी. व्यवहारात याहून सोपी रीत वापरतात : निर्णयाच्या जागा मोजायच्या आणि त्यात एक मिळवायचा. एकही अट नसलेल्या फंक्शनचा आकडा एक येतो.

दहाच्या पुढे गेलेल्या फंक्शनचे तुकडे करावेत, असे मॅकेब यांनी सुचवले. मात्र ही मर्यादा जादूची नाही, हेही त्यांनी सांगितले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या १९९६ च्या अहवालात काही प्रकल्पांनी पंधरापर्यंतची मर्यादाही यशस्वीपणे वापरल्याचे म्हटले आहे. आज संकेतस्थळे बनवणाऱ्यांच्या रोजच्या साधनांत हे मोजमाप तयार मिळते. जावास्क्रिप्टसाठीच्या ईएसलिंटमध्ये या नियमाची मूळ मर्यादा २० आहे, तर पायथॉनसाठीचे रेडॉन प्रत्येक फंक्शनला परीक्षेसारखी श्रेणी देते.

महापालिकेच्या करपानावर हा आकडा कसा वाढतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कराची रक्कम काढणारे एक फंक्शन आहे. मालमत्ता निवासी आहे का, मुदतीपूर्वी भरणा केल्याची सवलत लागू आहे का, मागील थकबाकी आहे का, अभय योजना सुरू आहे का आणि घर ठरावीक क्षेत्रफळापेक्षा लहान आहे का, असे पाच प्रश्न त्यात आहेत. पाच निर्णय अधिक एक, म्हणजे गुंतागुंत सहा. कागदावर हे फार वाटत नाही.

पण हे पाचही प्रश्न एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर हो-नाहीच्या जोड्या ३२ होतात. प्रश्न दहा झाले तर मॅकेब यांचा आकडा ११ वर जातो आणि जोड्या होतात १,०२४. इतक्या सगळ्या जोड्या हाताने तपासणे कोणालाही शक्य नसते. ‘थकबाकी आहे, अभय योजना आहे, पण अर्धीच रक्कम भरली आहे’ असा एखादा कोपरा सुटतो आणि तिथेच नागरिकाला चुकीचे देयक जाते. महापालिका अधिनियमानुसार थकीत करावर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. त्यामुळे हिशेबातली चूक जितके दिवस राहील तितकी वाढत जाते.

हे प्रश्न कोडमध्ये येतात ते धोरणातून. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ झाला. नागरिकांसाठी तो एका वाक्याचा निर्णय होता. करप्रणालीसाठी त्याचा अर्थ नवी अट, नवी तारीख आणि त्याआधीच्या वर्षांचा जुना नियम तसाच जपणे, असा होता.

कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांवरून काय कळते?

राज्यात महापालिका कारभाराच्या संगणकीकरणात कल्याण-डोंबिवलीने पुढाकार घेतला होता. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे नागरी सेवा संगणकावर आल्या आणि पुढे हा नमुना राज्यातील इतर नागरी संस्थांपर्यंत नेण्यात आला. याच शहराच्या हद्दीचा इतिहास पाहा. १९८३ मध्ये महापालिकेत आलेली २७ गावे २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. २०२० मध्ये त्यांतील १८ गावे वगळण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

ही गावे आत की बाहेर, हा राजकीय वाद आहे. पण कर आकारणाऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरला तो ‘मालमत्ता कोणत्या गावात आहे आणि देयक कोणत्या वर्षाचे आहे’ या प्रश्नांच्या रूपात सोडवावाच लागतो. घाईत काम झाले तर प्रत्येक बदलासाठी जुन्या कोडमध्ये एक ‘जर’ घुसवला जातो. नीट रचना असेल तर गावे, तारखा आणि दर वेगळ्या तक्त्यात ठेवले जातात. मग निर्णय बदलला तरी कोडला हात न लावता तक्ता बदलता येतो. दोन्ही पद्धतींत पहिल्या दिवशी पान सारखेच दिसते. फरक कळतो तो तिसऱ्या-चौथ्या बदलाला.

वापरात असलेले सॉफ्टवेअर सतत बदलत राहते आणि मुद्दाम प्रयत्न न केल्यास त्याची गुंतागुंत वाढतच जाते, हे संगणकतज्ज्ञ मॅनी लेहमन यांनी १९७० च्या दशकातच सांगून ठेवले होते. १९९२ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी याला कर्जाची उपमा दिली. आज घाईत केलेले काम म्हणजे उचल आणि पुढच्या प्रत्येक बदलाला लागणारा जास्तीचा वेळ म्हणजे व्याज. ‘टेक्निकल डेट’ हा शब्द तिथून रुळला.

वाचायला किती अवघड, हे कसे मोजतात?

मॅकेब यांच्या मोजणीत एक त्रुटी आहे. बारा महिन्यांची नावे देणारी सरळ यादी आणि एकात एक अडकवलेल्या अकरा अटी या दोन्हींना ती जवळपास सारखेच गुण देते. पहिली कोणीही वाचेल, दुसरी वाचताना मात्र डोके धरावे लागेल. ही उणीव भरून काढण्यासाठी सोनारसोर्स या कंपनीने गेल्या दशकात ‘कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी’ ही पद्धत आणली. यात अट जितकी आत अडकलेली तितके जास्त गुण पडतात. अशा यादीला मात्र एकच गुण मिळतो. त्यांच्या सोनारक्यूब या साधनात बहुतेक भाषांसाठी एका फंक्शनची मूळ मर्यादा १५ आहे.

देखभालक्षमतेचा एकच निर्देशांक असू शकतो का?

तसा प्रयत्न झाला आहे. अमेरिकेतील आयडाहो विद्यापीठाचे पॉल ओमन आणि जॅक हेगमेस्टर यांनी १९९२ मध्ये ‘मेन्टेनॅबिलिटी इंडेक्स’ मांडला. त्यात तीन गोष्टी एकत्र येतात : मॅकेब यांचा आकडा, ओळींची संख्या आणि मॉरिस हॅलस्टेड यांनी १९७७ मध्ये मांडलेले कोडचे ‘आकारमान’, म्हणजे कोडमध्ये किती क्रियाचिन्हे आणि किती राशी वापरल्या आहेत याचा हिशेब. सूत्राची सुरुवात १७१ पासून होते आणि गुंतागुंत वाढेल तसे गुण वजा होत जातात. मूळ पद्धतीत ८५ च्या वरचा कोड सांभाळायला सोपा आणि ६५ च्या खालचा अवघड मानला जाई.

मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओत हेच सूत्र शून्य ते शंभर या मापात बसवले. तिथे २० च्या वर हिरवा, १० ते १९ पिवळा आणि त्याखाली लाल रंग दिसतो. म्हणजे नाव एकच, पण पट्टी वेगळी. त्यामुळे ‘आमचा निर्देशांक ६० आहे’ असे कुणी सांगितले तर आधी कोणत्या पट्टीवर, हे विचारायला हवे. शिवाय सूत्रातील गुणक काही मोजक्या प्रकल्पांतील अभियंत्यांच्या मतांशी जुळवून ठरवले होते. आजच्या संकेतस्थळांना ते तसेच लागू पडतील, याची खात्री नाही.

आकडे कुठे फसवतात?

पहिला धोका सरासरीचा. शंभर छोटी फंक्शन्स आणि कर काढणारे एक अवाढव्य फंक्शन यांची सरासरी छानच दिसते. दुसरा धोका आकडाच उद्दिष्ट बनण्याचा. मर्यादा १० ठरवली की एका मोठ्या फंक्शनचे पाच तुकडे होतात. प्रत्येकाचा आकडा कमी येतो, पण एक समजण्यासाठी उरलेले चार उघडावेच लागतात.

तिसरा धोका गुंतलेल्या संबंधांचा. घोडबंदर रोडवरील सेवा रस्ते मुख्य रस्त्यात सामावून घेण्याला रहिवाशांनी घेतलेला आक्षेप आठवा. सोसायटीतून निघालेली रिक्षा आणि गुजरातकडे निघालेला कंटेनर एकाच रस्त्यावर आणले, तर एकाची अडचण दोघांची होते. कोडमध्येही लॉगइन, हिशेब आणि पावती छापणे एकमेकांत मिसळले, तर पावतीचा मजकूर बदलताना हिशेब बिघडू शकतो. फंक्शनपुरते मोजणाऱ्या साधनाला हे दिसत नाही. डेटाबेसमध्ये दडवलेले नियम, दिशाभूल करणारी नावे आणि चाचण्यांचा अभाव हेही त्याच्या नजरेतून सुटते.

मग या मोजमापांचा उपयोग काय?

आधी कुठे पाहायचे, हे ती सांगतात. त्यासाठी गुंतागुंतीला बदलांच्या वारंवारतेची जोड देतात. कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद गिटसारख्या प्रणालीत असते. एखादी फाइल गुंतागुंतीची आहे, पण पाच वर्षांत कोणी तिला हात लावलेला नाही, तर ती तशीच राहू द्यावी. गुंतागुंतीची आणि दर महिन्याला बदलणारी फाइल मात्र आधी सुधारायला घ्यावी. करप्रणालीत सवलती आणि दर हाताळणारा भाग बहुधा याच गटात निघेल. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा. दर सहामाहीस आकडा चढत असेल, तर पुढचा बदल अधिक महाग पडणार, हे आजच कळते.

नागरिकांचा आणि महापालिकांचा यात काय संबंध?

केंद्राच्या सरकारी संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. गुणवत्ता, सुलभता, सायबर सुरक्षा आणि जीवनचक्र व्यवस्थापन हे तिचे आधार आहेत. सरकारी संकेतस्थळांचे सुरक्षा परीक्षणही केले जाते. पण संकेतस्थळ सुरक्षित असणे वेगळे आणि पुढच्या कंत्राटदाराला ते समजणे वेगळे. कंत्राट संपते, माणसे बदलतात आणि कोड मात्र राहतो. तो कुणालाच उलगडत नसेल तर महापालिकेपुढे दोनच मार्ग उरतात : जुन्याच कंत्राटदाराला मुदतवाढ द्यायची किंवा सगळे नव्याने लिहून घ्यायचे. दोन्हींचा खर्च करदात्याच्या खिशातून जातो.

त्यावरचा उपाय निविदेतच करता येतो. कोडची मालकी महापालिकेकडे असावी, बदलांच्या नोंदींसह तो ताब्यात मिळावा, गुंतागुंतीचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा आणि हिशेबाच्या भागासाठी स्वयंचलित चाचण्या असाव्यात. या चार अटींसाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. साधने उपलब्ध आहेत, त्यांतील अनेक विनामूल्य आहेत आणि ती वापरणारे अभियंते याच शहरांत राहतात. पातलीपाड्याच्या हिरानंदानी इस्टेटपासून कासारवडवलीच्या टेक पार्कपर्यंत घोडबंदर रोडवर सॉफ्टवेअर उद्योगाची कार्यालये आहेत. तिथे हे अहवाल पाहणाऱ्या अभियंत्यालाही घरी आल्यावर कर भरण्यासाठी महापालिकेचेच पान उघडावे लागते.