झुबिन मेहतांच्या वडिलांनी अमेरिकेत ३३ वर्षं पोरांचा ऑर्केस्ट्रा चालवला, तो २०२४ मध्ये बंद का पडला?

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतो तो गणपतीच्या मांडवातला. किशोरच्या आवाजात गाणारा एक, लताबाईंच्या आवाजात गाणारी एक, मागे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. सिंफनी ऑर्केस्ट्रा हे प्रकरण वेगळं. शंभरएक माणसं, प्रत्येकासमोर फक्त त्याच्या वाद्यापुरतं लिहिलेलं पान, आणि सगळ्यांसमोर उभा असा एकच माणूस ज्याच्या हातात वाद्यच नसतं. तो कंडक्टर.

या जगातलं आपल्याला माहीत असलेलं नाव म्हणजे झुबिन मेहता. जन्म मुंबईचा, १९३६ चा. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, इस्रायल अशा ठिकाणचे मोठे ऑर्केस्ट्रा त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले. पण ही गोष्ट त्यांची नाही, त्यांच्या वडिलांची आहे. मेहली मेहता. मुलगा जगातले तयार वादक घेऊन वाजवत होता, तेव्हा वडील त्याच शहरात कॉलेजातल्या पोरांना ऑर्केस्ट्रात बसायचं कसं ते शिकवत होते.

मुंबईतला व्हायोलिनवाला

मेहली १९०८ साली मुंबईत एका पारशी घरात जन्मले. व्हायोलिनचं वेड लागलं, पण त्या काळच्या मुंबईत ते पुढे न्यायचं कुठे हा प्रश्न होता. त्यांनी उत्तर स्वतःच काढलं. १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आधी त्याचे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या खुर्चीवरचे व्हायोलिनवादक, आणि नंतर कंडक्टर. वाजवणारे होते गोव्याहून आलेले वादक, नौदलाच्या बँडमधली माणसं, काही युरोपियन आणि काही पारशी हौशी मंडळी.

त्याच मुंबईत हिटलरपासून पळून आलेले प्रागचे वाल्टर कॉफमन होते. आकाशवाणीची सकाळची ती ओळखीची धून त्यांची, असं सांगितलं जातं. मेहली त्यांच्यासोबत वाजवत. त्या धूनमधलं व्हायोलिन मेहलींचंच आहे, असंही मानलं जातं.

१९४५ मध्ये सदतिशीच्या आसपास, बायको आणि दोन मुलं मुंबईत ठेवून मेहली न्यूयॉर्कला शिकायला गेले. या वयात माणूस शिकवायला लागतो, हे पुन्हा विद्यार्थी झाले. गुरू होते इव्हान गालामियन. पुढे इत्झाक पर्लमनसारखे वादक याच गालामियन यांच्याकडे तयार झाले. मेहली परत आले, पण स्वातंत्र्यानंतर मुंबईतली युरोपियन माणसं निघून जात होती, तिकडे श्रोतेही कमी आणि इकडे वादकही. १९५४ मध्ये झुबिन व्हिएन्नाला शिकायला गेला. १९५५ मध्ये मेहलींनीही मुंबई सोडली. मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात चार वर्षं, मग फिलाडेल्फियात कर्टिस क्वार्टेटमध्ये.

१९६४ मध्ये ते लॉस एंजेलिसला आले. झुबिन तिथल्या फिलहार्मोनिकचा संगीत संचालक होऊन दोन वर्षं झाली होती. मेहली तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवू लागले आणि त्याच वर्षी त्यांनी अमेरिकन यूथ सिंफनी सुरू केली. तेव्हा ते पंचावन्न-छप्पन वर्षांचे होते. हे काम त्यांनी सोडलं १९९८ मध्ये, नव्वदीला टेकल्यावर.

पण पोरांना ऑर्केस्ट्रा "शिकवायचा" म्हणजे नेमकं काय?

ज्याला व्हायोलिन येतं त्याला ऑर्केस्ट्रात वाजवता येतं, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे.

क्लासमध्ये मूल एकटं वाजवतं. अवघड जागा आली की हळू होतं, अडलं की थांबतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. सर ऐकून घेतात. ऑर्केस्ट्रात थांबलात तर बाकीचे नव्याण्णव जण पुढे निघून गेलेले असतात. मग चुकल्यावर थांबायचं नाही, पुढची ओळखीची जागा येईपर्यंत मोजत राहायचं आणि तिथे पुन्हा चालत्या गाडीत चढायचं, ही सवय लावावी लागते. हुशार पोरांना हे जास्त जड जातं, कारण चूक सोडून देणं त्यांना जमत नाही.

मोजणं हा तर वेगळाच विषय. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत ट्रॉम्बोन थेट चौथ्या भागात वाजतात. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा वीसेक मिनिटं हातात थंड पडत चाललेलं वाद्य घेऊन गप्प बसणार, आणि मग तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो त्या क्षणी, सगळ्या सभागृहासमोर, पूर्ण ताकदीने आणि बरोबर सुरात वाजवणार. यात बोटांचं काम थोडं आणि डोकं ठिकाणावर ठेवण्याचं जास्त.

मग गज. व्हायोलिनवाल्यांचे सगळे गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जाताना दिसतात, ते शोभेसाठी नसतं. गज ओढताना आणि ढकलताना आवाजाचं वजन बदलतं. कुठे ओढायचा, कुठे ढकलायचा हे पहिल्या खुर्चीवरचा वादक ठरवतो आणि बाकीचे ते पेन्सिलीने पानावर लिहून घेतात. यूथ ऑर्केस्ट्राच्या तालमीत पेन्सिल विसरून येणं हा म्हणूनच मोठा गुन्हा असतो. दोन व्हायोलिनवाल्यांना मिळून एक स्टँड असतो. पान उलटायचं काम आतल्या बाजूला बसलेल्याचं, तेवढा वेळ त्याने वाजवायचं नाही. आपला आवाज बंद ठेवून शेजाऱ्याची सोय बघायची, हे कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत.

आणि ती काडी. कंडक्टरच्या हातातली. ती का लागते याचं एक साधं कारण भौतिकशास्त्रात आहे. मागे बसलेल्या ट्रम्पेटवाल्यापासून पुढचे व्हायोलिन दहा-बारा मीटरवर असतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे पुढचा सूर मागे पोचायला सेकंदाचा साधारण तिसावा भाग लागतो. मागच्याने फक्त ऐकून वाजवलं, तर त्याचा आवाज श्रोत्यांपर्यंत परत येताना तेवढाच उशीर आणखी वाढतो. ऐकणाऱ्याला ते ढिसाळ लागतं. म्हणून कान उघडे ठेवायचे, पण ठेका डोळ्यांनी घ्यायचा. पोरांना सुरुवातीला हे पटत नाही. पानातून डोकं वर काढायलाच महिने जातात.

पुण्यात गणपतीच्या आधी दोन महिने ढोल-ताशा पथकांच्या सरावाला जाऊन आलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. नवा मुलगा मागच्या रांगेत, ताशाकडे लक्ष, टोल चुकला तरी हात थांबवायचा नाही.

व्यावसायिक ऑर्केस्ट्रा एका कार्यक्रमासाठी आठवड्यात तीन-चार तालमी करतो आणि मंचावर जातो. त्या कंडक्टरला गज कसा धरायचा हे सांगावं लागत नाही, सांगितलं तर वादक रागावतील. पोरांच्या ऑर्केस्ट्राला तोच कार्यक्रम बसवायला दोन-तीन महिने लागतात. आधी व्हायोलिनची वेगळी तालीम, चेलोची वेगळी, फुंकून वाजवायच्या वाद्यांची वेगळी, मग सगळे एकत्र. मागच्या खुर्च्यांवरची पोरं पुढच्यांच्या आवाजात लपतात, त्यांना हुडकून काढावं लागतं. खुर्च्या आलटून पालटून द्याव्या लागतात. इथे कंडक्टरला वाद्याची आतून माहिती लागते, आणि मेहलींची सगळी उमेद व्हायोलिन घेऊन खुर्चीवर बसण्यात गेली होती. मोठ्या कंडक्टरच्या काडीखाली बसून त्यांनी हे काम दुसऱ्या बाजूने पाहिलं होतं.

संगीताच्या जगात या कामाला मान तुलनेने कमी. रेकॉर्ड निघत नाहीत, समीक्षक फिरकत नाहीत, आणि वादक तयार झाला की सोडून जातो. जावा म्हणूनच तर तयार केलेला असतो. मेहलींच्या हाताखालून गेलेले वादक पुढे लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसह अनेक ऑर्केस्ट्रांमध्ये जाऊन बसले.

व्हेनेझुएलाने हेच काम सरकारी केलं

१९७५ मध्ये काराकासमध्ये होसे अंतोनियो आब्रेऊ या अर्थतज्ज्ञाने पोरांचा ऑर्केस्ट्रा सुरू केला. पहिल्या तालमीला एका गॅरेजमध्ये अकरा जण आले होते, असं ते सांगत. त्यातून "एल सिस्तेमा" उभी राहिली. देशभर केंद्रं, गरीब वस्तीतल्या मुलांना फुकट वाद्य, फुकट शिक्षण आणि पहिल्या दिवसापासून एकट्याने नाही, सगळ्यांसोबत वाजवणं. याच व्यवस्थेतून गुस्तावो दुदामेल आला. १९८१ चा जन्म, अठराव्या वर्षी सिमोन बोलिव्हार यूथ ऑर्केस्ट्राचा प्रमुख आणि २००९ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा. जी खुर्ची एकेकाळी झुबिन मेहतांची होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये काराकासमध्ये ८,५७३ वादकांनी एकत्र वाजवून जगातल्या सर्वांत मोठ्या ऑर्केस्ट्राचा विक्रमही केला.

पण पैसा सरकारचा असला की सरकारचं ओझंही येतं. चावेझ आणि मादुरो यांच्या काळात एल सिस्तेमा सरकारचा चकचकीत चेहरा बनल्याची टीका झाली, दुदामेल गप्प का, असं विचारलं गेलं. २०१७ च्या निदर्शनांत याच व्यवस्थेत वाढलेला अठरा वर्षांचा व्हायोलावादक आर्मांदो कान्यिसालेस मारला गेला. त्यानंतर दुदामेल जाहीरपणे सरकारविरुद्ध बोलला. त्याच वर्षी राष्ट्रीय यूथ ऑर्केस्ट्राचा त्याच्यासोबतचा अमेरिका दौरा रद्द झाला. तयारी करून बसलेली पोरं घरी राहिली.

मग मेहलींचा ऑर्केस्ट्रा का बंद पडला?

तिथे सरकार नव्हतं, देणगीदार होते. अमेरिकन यूथ सिंफनी निवड चाचणी घेऊन वादक घ्यायची, पण शिकण्याची फी घ्यायची नाही. कार्यक्रम बहुतेक विनामूल्य किंवा स्वस्त. म्हणजे मिळकतीची बाजू जवळजवळ कोरी. खर्च मात्र मोठ्या ऑर्केस्ट्रासारखाच: सभागृहाचं भाडं, नोटेशनची पानं, मोठी वाद्यं हलवणं, प्रत्येक विभागाला वेगळे शिक्षक. आणि तालमी दुप्पट-तिप्पट. पोरांचा ऑर्केस्ट्रा मोठ्यांच्यापेक्षा स्वस्तात होतो हा गैरसमज इथेच संपतो.

मेहलींनंतर लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे कॉन्सर्टमास्टर अलेक्झांडर ट्रेगर यांनी तो चालवला. २०१६ पासून कार्लोस इस्कारे होते, जन्माने व्हेनेझुएलाचे. साथीच्या काळानंतर पैशाचं गणित सावरलं नाही आणि २०२४ मध्ये, साठाव्या वर्षात, संस्थेने काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. मेहली २००२ मध्येच गेले होते.

आणि मुंबईत?

आपल्याकडे ही परंपरा नव्हती असं नाही, ती वेगळ्या दारातून आली. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. तिथून आलेल्या वादकांनी हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा भरले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले एक. त्यांनी छोट्या प्यारेलालला व्हायोलिन शिकवलं, आणि पुढे १९७७ च्या "अमर अकबर अँथनी"मध्ये त्यांच्या नावाचं गाणं आलं ते शिष्याकडून गुरूला. लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल यांची भेटही मुलांच्याच संस्थेत झाली होती, मंगेशकर कुटुंबाच्या सुरील कला केंद्रात. मात्र सिनेमात की-बोर्ड आणि सिंथेसायझर आले तशा स्टुडिओतल्या खुर्च्या कमी झाल्या, आणि त्या खुर्च्यांसाठी पोरं तयार करणारी साखळीही.

२००६ मध्ये मुंबईत एनसीपीएने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, तेव्हा हा तुटवडा उघडा पडला. नावात इंडिया, पण बरेचसे वादक कझाकस्तान आणि इतर देशांतून आणावे लागले. मुंबई-पुण्यात व्हायोलिन आणि पियानो शिकणारी मुलं काही कमी नाहीत. पण बहुतेक जण परदेशी बोर्डाच्या ग्रेड परीक्षा एकट्याने देतात, प्रमाणपत्र भिंतीवर लावतात आणि बारावीला वाद्य पेटीत जातं. बसून मोजायला, पान उलटायला, काडीकडे बघायला त्यांना कोणी बोलावतच नाही.

मेहलींच्या नावाची मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन ही संस्था १९९५ पासून मुंबईत मुलांना शिकवते. गोव्यात एल सिस्तेमाच्या धर्तीवर २००९ मध्ये चाइल्ड्स प्ले ही संस्था सुरू झाली, तिथे परिस्थितीने गरीब असलेली मुलं व्हायोलिन, व्हायोला, चेलो शिकतात. दोन्हीकडे प्रयत्न खरा आहे. अडचण पुढे येते ती ओबो आणि बासूनची. ही वाद्यं महाग, शिकवणारे मोजके, आणि ओबोशिवाय तालीम सुरू करायची तर सूर जुळवायला पहिला "ए" कोण देणार, हा प्रश्न असतोच.