संकेतस्थळ कोणासाठी? कंपनीच्या आंतरजाल धोरणाचा फेरविचार

नाताळात गोव्याला किंवा मंगळूरला जाणारी आपल्यातील कितीतरी कुटुंबे ऑक्टोबरच्या अखेरीस सकाळी आठच्या ठोक्याला संगणकासमोर बसतात. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. गर्दीच्या दिवसांत काही मिनिटांतच प्रतीक्षायादी सुरू होते. तिकीट हाती आले की आपण संकेतस्थळाला विसरून जातो. पैसे खात्यातून गेले आणि तिकीट मात्र निघाले नाही, तर तो अनुभव वर्षभर लक्षात राहतो. कंपनीविषयीचे आपले मत अशा एका क्षणात ठरते.

म्हणूनच सुजाण कंपन्या आपल्या संकेतस्थळाची ठरावीक काळाने तपासणी करतात. ही तपासणी म्हणजे नेमके काय, ते आम्ही येथे समजून घेणार आहोत. आपल्या धर्मग्रामांतही मंडप व केटरिंगचा व्यवसाय करणारे, सहली नेणारे, पतपेढ्यांचा कारभार पाहणारे अनेक बंधुभगिनी आहेत. मोठ्या कंपन्यांचे अनुभव त्यांनाही मार्गदर्शक ठरावेत.

पहिला प्रश्न : माणूस येथे कशासाठी येतो?

संकेतस्थळ म्हणजे दुकानावरची पाटी, असा समज अजूनही आढळतो. मग पहिल्या पानावर संचालकांची छायाचित्रे येतात, संस्थेचा इतिहास येतो आणि ग्राहकाला हवा असलेला दूरध्वनी क्रमांक चौथ्या पानावर सापडतो. फेरविचाराचा आरंभ रंगसंगतीपासून करू नये. येथे येणारा माणूस कोणते काम घेऊन येतो आणि ते काम पुरे करून जातो का, हा प्रश्न आधी विचारावा.

त्याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नसते. कोणते पान किती वेळा उघडले गेले, लोक कोणत्या टप्प्यावर अर्ज सोडून गेले, शोधाच्या चौकटीत त्यांनी कोणते शब्द लिहिले, याची नोंद यंत्रणा ठेवू शकते. कार्यालयात येणारे दूरध्वनी हाही मोठा पुरावा असतो. रोज वीस जण एकच गोष्ट विचारीत असतील, तर ती माहिती संकेतस्थळावर नाही किंवा असूनही दिसत नाही, हे उघड आहे.

रेल्वेच्या तिकिटांची कहाणी

आयआरसीटीसी ही कंपनी १९९९ साली स्थापन झाली आणि २००२ पासून आंतरजालावर तिकिटे देऊ लागली. आरंभी मागणी संगणकावर नोंदवायची आणि छापील तिकीट कुरिअरने घरी यायचे. २००५ साली ई-तिकीट आले आणि तिकीट घरीच छापून घेता येऊ लागले. सोय वाढली तशी गर्दीही वाढली. या गर्दीचे वैशिष्ट्य असे, की ती दिवसभर सारखी नसते. आरक्षण उघडण्याच्या पहिल्या काही मिनिटांत ती उसळते. दिवसाची सरासरी पाहून यंत्रणा उभारली, तर ती नेमकी गरजेच्या वेळीच कोलमडणार.

एप्रिल २०१४ मध्ये कंपनीने नवी यंत्रणा सुरू केली. पूर्वी मिनिटाला सुमारे २,००० तिकिटे देता येत. ती क्षमता ७,२०० वर गेली. एकाच वेळी १,२०,००० जणांना सेवा देण्याची सोय झाली. परंतु केवळ यंत्रे वाढवून भागले नाही. जून २०१५ पासून तत्काळ तिकिटांची वेळ विभागण्यात आली : वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० आणि इतर वर्गांसाठी ११. एकाच दारावरची गर्दी अशा रीतीने दोन वेळांत वाटली गेली. २०१८ साली लॉगिन न करताही गाडीतील उपलब्ध जागा पाहण्याची सोय झाली. केवळ चौकशी करणाऱ्याला नाव व परवलीचा शब्द कशाला विचारायचा? जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी आवश्यक झाली आणि पहिला अर्धा तास दलालांना बंद ठेवण्यात आला.

यांतील अर्धे उपाय तांत्रिक आहेत, तर अर्धे कारभाराचे. आंतरजाल धोरण हे केवळ संगणक विभागाचे काम नव्हे, ही येथे शिकण्याजोगी गोष्ट आहे. त्याचबरोबर मर्यादाही ध्यानात घ्यावी. गाडीत जागाच नसेल, तर संकेतस्थळ ती निर्माण करू शकत नाही.

घाईचे मोल

सुधारणा अंगलटही येऊ शकते. ब्रिटनमधील मार्क्स अँड स्पेन्सर या जुन्या व्यापारी कंपनीचे ऑनलाइन दुकान ॲमेझॉनच्या यंत्रणेवर चालत असे. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने सुमारे १५ कोटी पौंड खर्चून स्वतःचे नवे संकेतस्थळ उघडले. ते दिसायला देखणे होते. पण जुन्या ग्राहकांना पुन्हा नोंदणी करणे भाग पडले आणि सवयीच्या वाटा बदलल्या. जूनअखेर संपलेल्या तेरा आठवड्यांत ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घटली. पुढे ती सावरली. परंतु नव्या दाराची किल्ली जुन्या ग्राहकाकडे नसेल, तर तो परत फिरतो, हा धडा महागात शिकावा लागला. म्हणून बदल टप्प्याटप्प्याने करावेत, आधी थोड्या ग्राहकांवर पारखावेत आणि जुने पत्ते नव्या पानांकडे वळवून द्यावेत.

दाराबाहेर कोण राहिले?

आमच्या मते तपासणीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. जे काम पुरे करू शकले नाहीत ते कोण होते? मंद दृष्टीच्या आजीला फिकट करड्या रंगातील बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. अंध व्यक्तीचा संगणक पान वाचून दाखवतो. पण चित्रात कोंबलेला मजकूर बहुधा त्याला वाचता येत नाही. सुगम संकेतस्थळांविषयीच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराची अक्षरे व पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे. आपल्या देशातही ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. ॲसिड हल्ल्यात चेहरा व डोळे गमावलेल्या व्यक्तींना बँकेच्या ऑनलाइन ओळख-पडताळणीत डोळ्यांची उघडझाप करून दाखवता येत नव्हती. डोळे मिटता न येणाऱ्या माणसाचा विचार ती पडताळणी आखताना झालाच नव्हता.

छोट्या व्यवसायाने काय करावे?

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. घरातील वडीलधाऱ्या एखाद्या व्यक्तीच्या हाती मोबाइल द्यावा, आपल्या संकेतस्थळावरून एक काम करायला सांगावे आणि शेजारी गप्प बसून पाहावे. ती जेथे अडखळेल तेथे खूण करावी. पत्ता, दूरध्वनी, दर व कामाची वेळ पहिल्याच पानावर मराठीत द्यावी. आलेल्या चौकशीला कोण उत्तर देणार, त्याचे नाव ठरवावे. संकेतस्थळाच्या नावाच्या नूतनीकरणाची तारीख वहीत लिहून ठेवावी आणि हे सारे दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे.

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला आपण ‘या, बसा’ म्हणतो, पाणी विचारतो. आंतरजालावरून येणारे गिऱ्हाईक आपल्याला दिसत नाही. ते निमूटपणे येते आणि तितक्याच निमूटपणे निघून जाते. त्याला आत घेण्याची रीत मात्र आपण आधीच शिकून ठेवायला हवी.