लोकनाट्यातील राजकीय उपरोध

राज्यकर्ते, पुढारी व नोकरशाही यांच्या वर्तनातील विसंगती हास्याच्या द्वारे उघडी करणारा लोकनाट्याचा अंश. मराठीत त्याचे मुख्य स्थान तमाशातील बतावणी व वग हे असून त्याचा वाहक सोंगाड्या होय. राजाज्ञा पाळण्याचे निमित्त करून तो आज्ञेचा अर्थच उलटवितो. पोशाख व दरबार जुन्या काळाचे, पण बोलणे चालू काळाचे, या कालविपर्यासात उपरोधाचे मर्म आहे. प्रधानाला विचारलेला प्रश्न मंत्र्याला विचारला आहे, हे प्रेक्षक सांगितल्याशिवाय ओळखतो. संवादाचा बराचसा भाग हजरजबाबी असल्याने गावागणिक बदलतो. लिखित संहितेवरून या उपरोधाची कल्पना येत नाही, ती यामुळेच.

सत्यशोधक समाजाच्या (स्थापना १८७३) जलशांनी या रचनेतील शृंगार बाजूला सारून तिला समाजप्रबोधनाच्या कामास लावले. नासिककडील भीमराव कर्डक यांच्या आंबेडकरी जलशांनी तोच मार्ग पुढे नेला. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. अण्णाभाऊंच्या ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ इ. वगनाट्यांत भांडवलदार व सरकार ही उपरोधाची उघड लक्ष्ये होती. मुंबई सरकारने त्यांच्या तमाशांवर बंदी घातली. तमाशाऐवजी लोकनाट्य ही संज्ञा रूढ होण्यास ही घटनाही कारणीभूत ठरली. समाजवादी वळणाच्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ गाजविले. साने गुरुजींच्या अमळनेर येथील शिक्षकीमुळे (१९२४–३०) सेवा दलाच्या विचाराला खानदेशात आधीच जिव्हाळ्याची भूमी लाभली होती.

पक्षपाताचा आक्षेप येथूनच सुरू होतो. कलापथके पक्षांशी वा चळवळींशी जोडलेली असल्याने त्यांचा विनोद हा प्रचार आहे, असे विरोधक म्हणत. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. मात्र ‘पुढारी पाहिजे’मध्ये हसे होते ते पुढारीपणाच्या वृत्तीचे, एखाद्या पक्षाचे नव्हे, म्हणून प्रसंग सरला तरी ते शिळे झाले नाही. शाहीर साबळे यांच्या ‘आंधळं दळतंय’ने (१९६६) मुंबईतील मराठी माणसाची कोंडी मांडली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या शिवसेनेशी त्याचे नाव जोडले गेले, आणि तेव्हापासून ते एका बाजूचे नाटक म्हणून स्तुतीस व टीकेस सारखेच पात्र झाले. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये (१९६५) दादा कोंडके सत्ताधाऱ्यांवर ऐनवेळी कोट्या करीत. पुढे ते शिवसेनेच्या व्यासपीठावर दिसू लागले, तेव्हा या जुन्या कोट्यांचाही अर्थ लोक नव्याने लावू लागले.

व्यावसायिक फडाचा पक्षपात निराळ्या जातीचा असतो. जळगाव व धुळे जिल्ह्यांत तमाशा मुख्यतः यात्रेच्या सुपारीवर चालत आला. जळगावकर आनंद महाजन, अंजाळेकर भीमा-नामा यांसारखे या भागातील फड प्रसिद्ध आहेत. सुपारी देणारी यात्रा समिती बहुधा गावातील वजनदार मंडळींचीच असते, म्हणून सोंगाड्या स्थानिक पुढाऱ्याचे नाव घेत नाही. लकब मात्र घेतो. हसावे की नाही हे त्या पुढाऱ्याने ठरवायचे, आणि चारचौघांत तो हसतोच. तंबूत तिकिटावर खेळ असला की धनी बदलतो, जीभ अधिक मोकळी होते. अहिराणीचा उपयोग येथे लक्षणीय आहे. राजा व प्रधान प्रमाण मराठी बोलतात आणि सोंगाड्या मध्येच अहिराणीत उतरतो. त्या एका वाक्याने तो दरबार सोडून प्रेक्षकांच्या बाजूस जाऊन बसतो. पूर्वेकडे, यावल-रावेर भागात, तेच काम लेवा बोली करते.

ब्रिटनमध्ये हाच वाद दूरचित्रवाणीवर झडला. ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’ हा बीबीसीचा उपरोधपर कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. १९६४ हे निवडणुकीचे वर्ष असल्याने १९६३ अखेर तो थांबविण्यात आला. बीबीसी परवाना शुल्कावर, म्हणजे सर्व पक्षांच्या मतदारांच्या पैशांवर चालते. त्यामुळे निःपक्षपाताचे बंधन तिच्या विनोदासही लावले जाते. ‘येस मिनिस्टर’ने (१९८०–८४) मंत्र्याचा पक्षच न सांगता ही अडचण टाळली, आणि पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनाही ती मालिका आवडे. पक्ष न सांगण्याची ही युक्ती वगातील राजाला फार पूर्वीपासून ठाऊक होती.

महाराष्ट्रात असे बंधन संहितेवर आले. नाट्यसंहिता प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून (स्थापना १९५४) संमत करून घ्यावी लागते. परंतु संमत होतो तो कागद. रात्री दोन वाजता पारोळ्याच्या किंवा शिरपूरच्या मैदानावर सोंगाड्या काय बोलेल, हे त्या कागदावर नसते.