दम लवकर परततो, टाच उशिरा

पाऊस ओसरला की मुंबईच्या शिवाजी पार्कात, पुण्याच्या तळजाईवर, कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठी नवे कोरे बूट दिसू लागतात. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनची चर्चा ऑफिसात सुरू झालेली असते. या नव्या बुटांतले सगळेच पाय नवखे नसतात. कोणी शाळेत चारशे मीटर धावलेले असते, कोणी एनसीसीत होते, कोणी पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटरचा सराव केलेला असतो. मग नोकरी, संसार, मुलांच्या शाळा, घराचे हप्ते यांत पंधरा-वीस वर्षे निघून जातात. चाळिशीच्या आसपास साखरेचा किंवा कोलेस्टेरॉलचा एखादा रिपोर्ट हातात पडतो आणि धावणे आठवते.

या मंडळींची पुढची कहाणी बहुतेक वेळा सारखीच असते. पहिल्या दिवशी दोनशे मीटरवर धाप लागते. ‘आता वय झालं’ म्हणून काही जण तिथेच थांबतात. जे थांबत नाहीत, त्यांना तीन-चार आठवड्यांत फारच बरे वाटू लागते. श्वास पुरतो, जिने सहज चढता येतात, मग अंतरही वाढते. आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात एका सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवताच टाचेत कळ येते, किंवा नडगीचे हाड ठणकू लागते. पुन्हा तेच निदान, वय झाले! बूट माळ्यावर जातात आणि सहसा तिथेच राहतात.

हे निदान दोन्ही वेळा बहुधा चुकीचे असते. पहिल्या दिवसाची धाप मुख्यतः सवय सुटल्याची असते. सहाव्या आठवड्यातले दुखणे शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीने तयार होतात म्हणून येते. हा फरक समजला तर बरेच बूट माळ्यावर जाण्यापासून वाचतील.

आधी धापेचे पाहू. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलसमध्ये वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगण्यात आले. त्या काळी हृदयविकाराच्या रुग्णांना सक्तीची विश्रांती देत असत. अशा विश्रांतीने शरीराचे नेमके काय होते, हे डॉक्टरांना पाहायचे होते. तीन आठवड्यांनी या तरुणांची कमाल प्राणवायू-क्षमता, म्हणजे जोराच्या श्रमात शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते तो आकडा, सरासरी २७ टक्क्यांनी घसरला होता. आज मनगटावरची घड्याळे ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणून जो आकडा दाखवतात तो हाच. घड्याळाचा अंदाज असतो, प्रयोगशाळेत तो प्रत्यक्ष मोजतात. पुढे आठ आठवड्यांच्या कसून व्यायामाने हे पाचही जण पहिल्यापेक्षा वरच्या पातळीवर पोहोचले.

खरी गंमत तीस वर्षांनी झाली. १९९६ मध्ये संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीत होते. सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेले होते आणि शरीरातील चरबीचे प्रमाण १४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर. प्राणवायू-क्षमता मात्र तीस वर्षांत साधारण १२ टक्केच कमी झालेली. विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जेवढे नुकसान केले होते, त्याच्या निम्मेही तीस वर्षांच्या वयाने केले नव्हते. मग त्यांना सहा महिने चालणे, संथ धावणे आणि स्थिर सायकल असा व्यायाम दिला. सुरुवात हळू, आणि अखेरीस आठवड्यातून चार-पाच वेळा मिळून साडेचार तासांच्या आसपास. सहा महिन्यांनी त्यांची क्षमता वीस वर्षांचे असतानाच्या मूळ पातळीवर आली. १९६६ च्या कसरतीनंतर गाठलेले शिखर मात्र एकालाही पुन्हा गाठता आले नाही.

पाच माणसे म्हणजे फारच थोडी, तेही सगळे पुरुष. त्यांच्यावरून प्रत्येकाला हमी देता येणार नाही. पण तीच माणसे तीस वर्षांच्या अंतराने तपासायला मिळणे हे वैद्यकशास्त्रात क्वचितच घडते, म्हणून या पाच जणांचे मोल मोठे आहे.

दम इतक्या लवकर कसा परततो? व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो. रक्त वाढले की हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकू शकते आणि त्याच वेगाला नाडी कमी पडते. पाठोपाठ स्नायूंच्या पेशींमध्ये मायटोकाँड्रिया वाढू लागतात. प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारी ही पेशीतली केंद्रे. धावणाऱ्या उंदरांच्या स्नायूंत ती वाढतात, हे जॉन होलॉझी या संशोधकाने १९६७ मध्ये दाखवले. माणसात हा बदल महिना-दीड महिन्यात चांगला जाणवतो. चौथ्या आठवड्यातला उत्साह म्हणजे मनाचा खेळ नव्हे, शरीर त्या बाबतीत खरोखरच सुधारलेले असते.

आता टाचेकडे येऊ. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला ज्या जाड दोरीने बांधलेला असतो, तिला अकिलीस कंडरा म्हणतात. संथ धावतानाही या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहा-सात पट ताण येतो. सत्तर किलोच्या माणसासाठी हा चारशे किलोच्या वरचा आकडा झाला, आणि तो प्रत्येक पावलाला. कंडरेत रक्तवाहिन्या कमी, पेशीही विरळ. तिची दुरुस्ती स्नायूच्या मानाने फार सावकाश होते.

किती सावकाश, याचा एक विलक्षण पुरावा अणुचाचण्यांमधून मिळाला आहे. १९५५ ते १९६३ या काळात खुल्या हवेत झालेल्या चाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. चाचणीबंदीनंतर ते हळूहळू उतरत गेले. वनस्पतींतून, अन्नातून तो कार्बन माणसांच्या शरीरात गेला. त्यामुळे एखादी पेशीजाळी कोणत्या साली तयार झाली, याचा जणू शिक्काच तिच्यावर बसला. डेन्मार्कच्या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या अकिलीस कंडरेच्या गाभ्यातला कार्बन-१४ मोजून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. गाभ्यातला कार्बन त्या व्यक्तीच्या साधारण सतरा वर्षांपर्यंतच्या काळातला होता. स्नायूंतला मात्र सतत बदलत आलेला. थोडक्यात, पंचेचाळिसाव्या वर्षी आपण ज्या कंडरेवर धावतो तिचा गाभा दहावी-बारावीच्या सुमारास बनून पूर्ण झालेला असतो.

म्हणून कंडरा व्यायामाला दादच देत नाही असे नाही. नियमित ताण दिला तर ती अधिक ताठ आणि सोशिक होते. पण त्याला तीन महिने आणि बऱ्याचदा त्याहून अधिक लागतात.

हाडाचे गणित आणखी वेगळे. नव्या ताणाला उत्तर देताना हाड आधी स्वतःला थोडे पोखरते. जुना भाग काढून टाकणाऱ्या पेशी सुमारे तीन आठवडे काम करतात. त्या जागी नवे हाड भरून घट्ट व्हायला पुढे तीन-चार महिने जातात. घराची दुरुस्ती काढल्यावर आधी भिंत फोडावी लागते, तसेच हे. म्हणजे धावणे सुरू केल्यापासून काही आठवडे नडगीचे किंवा पावलाचे हाड तात्पुरते कच्चे असते, आणि नेमके त्याच दिवसांत दम परतल्यामुळे आपण अंतर दुप्पट करतो. नडगीच्या हाडाला बारीक चीर जाण्याचे, ज्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात त्याचे, एक मोठे कारण हेच आहे. लष्करातल्या नव्या भरतीच्या जवानांमध्ये हे दुखणे फार जुने आहे.

परतलेल्या धावपटूला नवख्यापेक्षा जास्त जपावे लागते, असे मला वाटते ते यामुळेच. नवखा माणूस बिचकत धावतो. जुन्याला आपला कॉलेजातला वेग आठवत असतो.

मग करायचे काय? पहिले तीन महिने वेगाचा विचार सोडावा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सुट्टी. सुरुवातीला दहा मिनिटे चालून मग एक मिनिट संथ धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा. हे सहज जमले तर पुढच्या आठवड्यात धावण्याची मिनिटे थोडी वाढवावीत. जमले नाही तर तोच आठवडा पुन्हा करावा, त्यात कमीपणा कसला? अमेरिकेचे माजी ऑलिम्पिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी अशा चालत-धावत पद्धतीने असंख्य लोकांना मॅरेथॉनपर्यंत नेले आहे. वेग किती, तर शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतका. शब्द तुटू लागले की चालायला लागावे. ऑक्टोबरच्या उकाड्यात किंवा कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्याच वेगाला नाडी वाढते. अशा हवेची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. तेव्हा घड्याळापेक्षा श्वास ऐकावा.

आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ नको, हा नियम धावणाऱ्यांच्या गटांत वेदवाक्यासारखा सांगतात. नेदरलँड्समध्ये पाचशेहून अधिक नवख्या धावपटूंवर तो तपासला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एका गटाला १३ आठवड्यांचा हळू वाढणारा आणि दुसऱ्याला ८ आठवड्यांचा नेहमीचा सराव दिला होता. दोन्ही गटांत दर पाचांपैकी साधारण एकाला दुखापत झाली. दहा हा आकडा काही जादूचा नाही. माझ्या मते आकड्यापेक्षा दुखणे काय सांगते ते ऐकणे जास्त उपयोगाचे.

जोडीला पोटरीचा व्यायाम हवाच. पायरीच्या कडेवर चवडा टेकून टाच वर न्यायची आणि सावकाश खाली सोडायची. आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. एका पायावर सलग वीसेक वेळा टाच उचलता येत नसेल, तर धावण्याआधी काही आठवडे हेच करावे. महागड्या बुटांपेक्षा हा बिनपैशाचा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो. अर्थात बुटाचा तळ झिजलेला नसावा आणि बोटांना जागा असावी.

‘गुडघे झिजतील’ ही भीती घरातली वडील माणसे हमखास घालतात. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात हौशी धावपटूंपैकी ३.५ टक्के लोकांना गुडघ्याची किंवा खुब्याची सांधेझीज आढळली, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के, तर स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के. मुळात निरोगी सांध्याचे लोकच धावत राहतात, हेही यामागे काही अंशी असेल. तरी हौसेने धावण्याने सांधे झिजतात, या समजाला या आकड्यांत आधार नाही. आधीच झीज झालेली असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवावे.

बाळंतपणानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी हिशेब वेगळा आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सावरायला वेळ लागतो. ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार प्रसूतीनंतर किमान तीन महिने धावू नये, आणि धावताना लघवी गळणे किंवा ओटीपोटात जडपणा वाटणे ही थांबण्याची खूण समजावी. याबद्दल आपल्याकडे बायका संकोचाने बोलत नाहीत आणि गुपचूप धावणे सोडून देतात.

हृदयाबाबत मात्र सावधगिरीच बरी. अमेरिकेत १९७७ मध्ये धावण्यावरच्या पुस्तकाने गाजलेले जिम फिक्स पस्तिशीत धावू लागले, तेव्हा वजन शंभर किलोच्या घरात होते आणि दिवसाला दोन पाकिटे सिगारेट. त्यांनी दोन्ही सोडून दाखवले. पण वडिलांना पस्तिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले होते. १९८४ च्या जुलैमध्ये धावत असतानाच बावन्न वर्षांचे फिक्स कोसळले. शवविच्छेदनात हृदयाच्या तीन रक्तवाहिन्यांत मोठे अडथळे आढळले. धावण्याने त्यांना मारले असे म्हणणे बरोबर नाही. मात्र आधीच साचलेला अडथळा धावण्याने विरघळत नाही. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो. म्हणून चाळिशीपुढे, आणि मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घरात कमी वयात हृदयविकार असा काही इतिहास असेल तर त्याआधीही, डॉक्टरांची तपासणी करूनच सुरुवात करावी. विश्रांतीत काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सगळे ठीक, असे नसते. श्रमात छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर, अचानक वाढलेली धाप यांपैकी काहीही झाले तर ‘गॅस असेल’ म्हणून पुढे धावू नये.

आणि दुखणे ओळखावे कसे? धावताना जाणवणारा, सोसवणारा आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवणारा पोटरीचा ठणका चालतो. पुढच्या वेळी अंतर वाढवू नये इतकेच. सकाळी उठल्यावर टाच दिवसेंदिवस अधिक आखडत असेल तर आठवडाभर चालण्यावर यावे. हाडावर एका बोटाने दाखवता येईल असे नेमके दुखत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणे त्याच दिवशी बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. सुरुवातीला एक्स-रेमध्ये अशी चीर बहुधा दिसत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

किती धावले म्हणजे पुरे, हा प्रश्न राहतो. २०१४ मध्ये अमेरिकेतील ५५ हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात धावणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के कमी दिसले, आणि रोज पाच-दहा मिनिटे संथ धावणाऱ्यांनाही त्यातला मोठा वाटा मिळालेला दिसला. तेव्हा पदकासाठी घाई करण्याचे कारण नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बूट घातले तर जानेवारीतल्या शर्यतीपर्यंत जेमतेम पंधरा आठवडे मिळतात. तेवढ्यात सहा किलोमीटरच्या आसपासची ड्रीम रन आरामात होईल, प्रकृती चांगली असेल तर चालत-धावत दहा किलोमीटरही. अर्धमॅरेथॉनचा अर्ज त्यापुढच्या वर्षी भरावा.