कणसातच जागा झालेला दाणा



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. खरीप ज्वारी काढणीला आली होती. माझ्या भागातल्या एका तात्यांनी मला शेतावर बोलावून विचारले, "साहेब, कणसं खुडावी का?" दाणे भरलेले होते, पण ताटे अजून हिरवी होती. मी सांगितले, "आठ-दहा दिवस थांबा, चांगली वाळू द्या." चौथ्या दिवशी पाऊस लागला, तो आठवडाभर हटला नाही. उघडीप मिळाल्यावर गेलो, तर कणसांना पांढरे मोड फुटलेले.

तात्या काही बोलले नाहीत. काकूंनी मात्र सुपात दाणे आणून माझ्यापुढे ठेवले. "बघा साहेब. पिठाची पार विरी गेली. भाकरी थापताना तुटते, तव्याला चिकटते, अन् चव गोडसर लागते. असं का होतं, ते तरी सांगा."

त्या दिवशी मला नीट सांगता आले नाही. ते आज सांगतो.

दाण्याच्या आतला कारभार

ज्वारी असो, गहू असो की सातू, दाण्याचे मुख्य भाग तीन. टोकाशी इवलासा अंकुर. मधोमध पिठाचा साठा. आणि कोंड्याच्या आतल्या अंगाला त्या साठ्याभोवती एक पातळ थर. याला शास्त्रात अल्यूरोन थर म्हणतात. पक्व दाण्यात पिठाच्या पेशी मेलेल्या असतात. अंकुर आणि हा थर मात्र जिवंत असतात.

अंकुराची शिदोरी म्हणजे ते पीठ. पण पीठ त्याला तसेच खाता येत नाही. त्याची साखर व्हावी लागते. हे काम अल्फा अमायलेज नावाचे प्रथिन करते. अशा कामकरी प्रथिनांना विकर म्हणतात. चांगल्या वाळलेल्या दाण्यात हे विकर जवळजवळ नसतेच. ओल मिळाली की अंकुर जिब्बरेलीन नावाचे संजीवक सोडतो. घरधन्याने हाळी द्यावी तसा तो निरोप अल्यूरोन थराला पोचतो, आणि थर विकर बनवून पिठात सोडू लागतो. पिठाची साखर होते, म्हणून चव गोडसर लागते. पिष्ट तुटते, म्हणून विरी जाते.

नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार मणी फुगवण्यासाठी जी.ए. वापरतात. ते म्हणजे जिब्बरेलिक आम्ल, याच जिब्बरेलीनचा एक प्रकार.

मग प्रत्येक दाणा कणसातच का उगवत नाही? कारण दुसरे एक संजीवक त्याला झोपवून ठेवते. त्याचे नाव अॅबसिसिक आम्ल. दाणा भरत असताना ते साठ्याची प्रथिने जमवायला मदत करते आणि अंकुराला आवरून धरते. दाणा पक्व होत आला की त्याचा जोर ओसरतो. एरवी तेव्हा दाणा कोरडा होतो, म्हणून धोका नसतो. पण नेमका त्याच वेळी पाऊस लागला, तर आवरणारा गेलेला आणि ओल आलेली, अशी गाठ पडते.

हे कसे कळले?

१९२६ साली कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवले, की भाताची रोपे वेड्यासारखी उंच वाढून कोलमडतात, ती एका बुरशीतून निघणाऱ्या द्रव्यामुळे. १९३५ मध्ये याबुता यांनी त्या द्रव्याला जिब्बरेलीन हे नाव दिले. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियात पॅलेग आणि जपानमध्ये योमो यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सातूच्या अंकुर काढलेल्या दाण्यांना हे संजीवक दिले. अंकुर नसतानाही पीठ विरघळू लागले. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत फिल्नर आणि व्हार्नर यांनी जड ऑक्सिजन असलेले पाणी वापरून पाहिले. तयार झालेले विकरही जड निघाले. म्हणजे ते आधीपासून साठवलेले नसून नव्याने बनलेले होते.

घरच्या घरी पाहा

गव्हाचे वीस दाणे घ्या. दहा दाण्यांचे अंकुराकडचे टोक ब्लेडने कापून टाका. दोन्ही प्रकारचे दाणे वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत ठेवा. चार-पाच दिवसांनी दाबून पाहा. मोड आलेल्या दाण्यांतून दुधासारखे पाणी निघेल. बिनअंकुराचे दाणे तसे पातळ होणार नाहीत, कारण तिथे हाळी देणाराच नाही.

नाचणीच्या सत्वामागेही हीच करणी आहे. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून दळली, की पेज पातळ होते. म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ घालता येते आणि बाळाच्या पोटात अन्न जास्त जाते.

आता शेतात काय करायचे?

जुने गावरान वाण पाऊस सरल्यावर पिकत. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ हा संकरित वाण आला. असे लवकर येणारे वाण उत्पन्न देतात, पण पावसात सापडतात. म्हणून ताटाचा रंग बघत बसू नका. कणसाच्या बुडाकडचे दाणे शेवटी पिकतात. त्यातले चार काढून पाहा. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला, की दाणा भरायचा थांबला. यापुढे उभे ठेवून वजन वाढत नाही, फक्त जोखीम वाढते.

अशा कणसांत ओल बरीच असते. ढीग घालू नका. ढिगात ऊब धरून मोड लवकर येतात. ओसरीत, पडवीत पातळ पसरा, उलथापालथ करा आणि उघडीप मिळताच उन्हात घाला. दाणा दाताखाली कडक वाजेल इतका वाळल्यावरच कणगीत भरा. मोड आलेला दाणा बियाण्याला ठेवू नका. ज्वारीच्या हिरव्या कोंबांत विष असते. कोवळ्या पिकाची किरळ लागते ती त्यामुळेच. म्हणून कोंब वाढलेली ज्वारी ओलीच जनावरांपुढे टाकू नका.

पुढच्या खरिपात तात्यांनी मला बोलावले नाही. मीच गेलो. कणसे खुडून झाली होती आणि ओसरीभर पसरली होती. काकूंनी एक दाणा नखाने काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "बघा साहेब, ठिपका आलाय का?"

आला होता.