फुटाचा भाव ठरला म्हणजे गुत्ता ठरला?

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे हळद विकून हातात पैसा आला की घराचा विषय निघतो, आणि गुत्तेदाराला पहिला प्रश्न जातो तो फुटाच्या भावाचा. तिघांचे तीन भाव ऐकायचे आणि कमी सांगेल त्याला बयाणा द्यायचा, अशी ही रीत. पुढच्या बहुतेक तंट्यांचं मूळ याच रीतीत आहे असं माझं मत आहे. भावाआधी ठरवायला हवं ते हे की माल कोण आणणार, मोजमाप कसं होणार आणि जमिनीखाली काही वेगळं निघालं तर तो खर्च कोण सोसणार.

गैरसमज: कमी भाव म्हणजे स्वस्त घर

धरा, एक गुत्तेदार १,६५० रुपये फूट सांगतो, पण सज्जे आणि जिना धरून स्लॅबचं सगळं क्षेत्र मोजतो. ते भरतं १,२०० चौरस फूट. बिल होतं १९ लाख ८० हजार. दुसरा १,८०० सांगतो, पण भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंतच मोजतो, १,०५० फूट. त्याचं बिल १८ लाख ९० हजार. महाग वाटणारा माणूस ९० हजारांनी स्वस्त पडला. शिवाय पाण्याची टाकी, शोषखड्डा, गच्चीचा कठडा, कंपाउंड आणि जोत्यातली भर भावात आहे की नाही, हे कोणी विचारतच नाही. करारात ‘फूट’ म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे एका वाक्यात लिहून घ्या.

आपल्याकडे याहून मोठा घोळ जमिनीत होतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकलेलं फुटिंग वर्षभर खालीवर होतं आणि दोनेक पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. मग दोष गवंड्याच्या गिलाव्याला. खरी चूक पाया मुरमापर्यंत न नेण्यात असते. मुरूम कुठे चार फुटांवर लागतो, कुठे दहा फुटांवरही लागत नाही. गुत्तेदाराने चार-पाच फूट धरून भाव दिलेला असतो. जास्त खोल जायची वेळ आली की तो जादा पैसे मागतो, नाहीतर गुपचूप वरच थांबतो. म्हणून करार करण्याआधीच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत चाचणीचे खड्डे घ्या, आणि ठरल्यापेक्षा जास्त खोदाईचा दर आधीच लिहून ठेवा. मुरूम फारच खोल असेल तर पायाचा प्रकारच बदलावा लागतो, आणि तो निर्णय इंजिनिअरचा, गुत्तेदाराचा नव्हे. आणखी एक पाहा: खोदलेली काळी मातीच पुन्हा जोत्यात भरण्याची सवय सर्रास आहे, कारण त्यात वाहतूक वाचते. तीच माती पुढे फरशा उचलते. भर मुरमाचीच, थर देऊन, पाणी मारून ठोकलेली हवी.

गैरसमज: मटेरियलसह दिलं की डोकेदुखी मिटली

मटेरियलसह गुत्त्यात रक्कम ठरलेली असते. मग गुत्तेदाराचा नफा माल वाचवण्यात आहे, आणि माल वाचतो तो झाकल्या जाणाऱ्या ठिकाणी. त्याला बेइमान ठरवायची गरज नाही. करारच त्याला तिकडे ढकलतो. उपाय म्हणजे सिमेंटचा प्रकार, सळईचा दर्जा, काँक्रीटचा ग्रेड आणि विटेची जाडी करारात लिहिणं, आणि कॉलम-स्लॅब भरण्याआधी आपल्या इंजिनिअरने सळई तपासणं. वजनाची एक सोपी खूण आहे: १२ मिलिमीटरच्या सळईचं वजन मीटरला सुमारे ८९० ग्रॅम, म्हणजे १२ मीटरचा नग साधारण साडेदहा किलोच्या वर भरला पाहिजे.

हे काटेकोरपणे सांगण्याला कारण आहे. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली परिसर ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेकडे तर जमिनीतून येणारे आवाज लोक वर्षानुवर्षं ऐकत आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी माणसं गाडली, म्हणून आता कॉलमचं घर म्हणजे सुरक्षित घर असा समज झाला आहे. कॉलम उभा असणं पुरेसं नाही. रिंगांची टोकं १३५ अंशात आत वळवलेली हवीत आणि कॉलम-बीमच्या सांध्याजवळ रिंगा दाट हव्यात. काटकोनात वळवलेली रिंग हादऱ्यात उघडते. मंजूर नकाशात हे काहीच दिसत नाही. नकाशा परवानगीसाठी असतो, सळईचं ड्रॉइंग वेगळं करून घ्यावं लागतं.

गैरसमज: मजुरीवर दिलं की बचतच

लेबर रेटच्या गुत्त्यात माल आपण आणतो, त्यामुळे दर्जा आपल्या हातात राहतो. एकट्या घराच्या निव्वळ मजुरीच्या कामाला जीएसटीही लागत नाही. मटेरियलसह गुत्त्यात नोंदणीकृत गुत्तेदार १८ टक्के लावतो, म्हणून भाव करासह आहे की करावेगळा हे विचारा. पण मजुरीवाल्याला माल वाया गेल्याचं दुःख नसतं. त्याचा नफा वेगात असतो. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा पुढच्या साईटवर न्यायच्या असतात. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे सुमारे १५ फुटांपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस राहायला हवेत आणि नेहमीच्या बीमखालचे १४ दिवस. पीपीसी सिमेंटला त्याहून थोडे जास्तच द्या. पाणी मारणं पीपीसीला किमान १० दिवस, शक्यतो १४. आपल्याकडे कामं भर उन्हाळ्यात चालतात आणि टँकर विकत घ्यावा लागतो. पाणी कोणाचं आणि ते मारणारा माणूस कोणाचा, हे ठरलेलं नसेल तर स्लॅब कोरडाच राहतो.

दिवसभर साईटवर थांबणारं घरात कोणी असेल तर सिमेंट-लोखंड स्वतः घ्यावं आणि मजुरी गुत्त्याने द्यावी, हा मार्ग मला आपल्या भागाला जास्त योग्य वाटतो. नोकरी बाहेरगावी असेल तर मटेरियलसह द्या, पण तपासणीचे पैसे इंजिनिअरला वेगळे द्या.

घरकुलाची गोष्ट निराळी. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये लाभार्थ्याने गुत्तेदार लावायचाच नाही, घर आपल्या देखरेखीखाली बांधायचं, असा नियम आहे. तिथे पैसेही टप्प्याटप्प्याने, कामाचे फोटो घेतल्यावर येतात. खाजगी घरालाही हीच पद्धत लावा: उचल लहान, पुढचे हप्ते जोतं, स्लॅब, गिलावा असे काम झाल्यावर, आणि शेवटची थोडी रक्कम एक पावसाळा गेल्यावर.

गैरसमज: तक्रारीला रेरा आहेच

स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी बांधलेलं घर रेरात येत नाही. तो कायदा विक्रीच्या प्रकल्पांचा आहे. म्हणून हात बांधले गेले असंही नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये घरबांधणी ही सेवा मानली आहे. तोंडी करारही कायद्याने करारच, पण काय ठरलं होतं ते सिद्ध करायला कागद लागतो. सही केलेला करार, हप्त्यांच्या बँक नोंदी आणि पाया-सळईचे तारखेसह फोटो जपून ठेवा. ग्राहक आयोगाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, त्यामुळे भेग दिसली की गुत्तेदाराला लगेच लेखी कळवा.