रकानानिहाय फेरबदल-अधिकार

संगणकीय माहितीसंचातील एखाद्या तक्त्याच्या कोणत्या रकान्यांतील नोंद कोणत्या पदाच्या व्यक्तीला बदलता यावी, हे निश्चित करणाऱ्या व्यवस्थेस रकानानिहाय फेरबदल-अधिकार असे म्हणतात. तक्ता वाचणे, त्यात नवी ओळ भरणे, असलेली ओळ काढून टाकणे आणि असलेली नोंद बदलणे हे चार अधिकार परस्परांहून भिन्न मानले जातात. त्यांपैकी बदलण्याचा अधिकार संपूर्ण तक्त्याऐवजी निवडक रकान्यांपुरता देता येतो. तो व्यक्तीच्या नावे न देता तिच्या भूमिकेस दिला जातो. त्यामुळे कर्मचाऱ्याची बदली झाल्यास एकाकडून भूमिका काढून दुसऱ्यास दिली की पुरते. प्रत्येक रकान्याचे अधिकार नव्याने लिहावे लागत नाहीत.

ही कल्पना संगणकापूर्वीची असून सातबारा उतारा हे तिचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण होय. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही यांचा मिळून हा उतारा बनतो. वर्धा जिल्ह्यातील वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर या ८ तालुक्यांत, राज्यात इतरत्र असतो तसाच, एकाच उताऱ्यावरील निरनिराळ्या रकान्यांचा लेखनाधिकार निरनिराळ्या हातांत असतो. भोगवटादाराच्या नावाच्या रकान्यात तलाठ्याला थेट बदल करता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५० नुसार त्याने प्रथम फेरफार नोंदवहीत नोंद घ्यावयाची, चावडीवर नोटीस लावावयाची व हितसंबंधितांना लेखी कळवावयाचे असते. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. सक्षम अधिकाऱ्याने, सामान्यतः मंडळ अधिकाऱ्याने, फेरफार प्रमाणित केल्यावरच त्याचा अंमल उताऱ्यावर येतो. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ ची स्वतंत्र तरतूद आहे. तलाठी पदास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे नाव आहे.

पिकाच्या रकान्याची रीत निराळी आहे. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून कापूस, सोयाबीन, तूर इत्यादी पिकांची नोंद करतो आणि महसूल यंत्रणा तिची तपासणी करते. शेतात काय पेरले, हे शेतकऱ्याइतके कोणासच ठाऊक नसते. उलट मालकीच्या बाबतीत त्याचा स्वतःचा हितसंबंध असल्याने त्याचे एकट्याचे सांगणे पुरेसे धरता येत नाही. म्हणून माहिती कोणाला आहे, हितसंबंध कोणाचा आहे आणि उत्तरदायी कोण आहे, या तीन प्रश्नांवरून प्रत्येक रकान्याचा लेखनाधिकार ठरतो. केवळ पदाच्या ज्येष्ठतेवरून तो ठरत नाही.

या विभागणीचे महत्त्व मोठे आहे. कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. मृत खातेदाराच्या विधवेचे नाव वारसांच्या नोंदीतून गळले, तर पीककर्ज, भूसंपादनाचा मोबदला व विक्री या सर्वांत तिची अडवणूक होते आणि नोंद चुकीची असल्याचे सिद्ध करण्याचा भारही तिच्यावरच पडतो. पिकाची नोंद राहून गेल्यास हमीभावाने कापूस विकणे कठीण होते.

संगणकशास्त्रात तक्त्यांवर आधारलेली माहितीसंचाची संबंधात्मक रचना ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रकल्पात ग्रिफिथ्स व वेड यांनी १९७६ मध्ये अधिकार देण्याची व काढून घेण्याची पद्धत वर्णिली. एसक्यूएल भाषेच्या १९८६ च्या अमेरिकन प्रमाणकात फेरबदलाचा अधिकार देताना रकान्यांची नावे लिहिण्याची सोय होती. भूमिकांचा समावेश १९९९ च्या प्रमाणकात झाला. सातबाऱ्यासारख्या तक्त्यासाठी ‘खातेदार’ या भूमिकेस पीक व पेरणीक्षेत्र हे दोनच रकाने बदलण्याचा अधिकार देता येईल; भोगवटादाराचा रकाना त्या यादीत नसल्याने तो बदलण्याची आज्ञा यंत्रणा नाकारील.

या पद्धतीच्या काही मर्यादा आहेत. (१) अधिकारांची बेरीज होते. पोस्टग्रेस प्रणालीत संपूर्ण तक्ता बदलण्याचा अधिकार आधी दिलेला असेल, तर नंतर एका रकान्यापुरता तो काढून घेतल्याने काहीच साधत नाही. म्हणून तक्त्याचा अधिकार काढून मग रकान्यांचे अधिकार द्यावे लागतात. (२) रकान्याचा अधिकार सर्व ओळींना लागू होतो. केवळ त्यावर विसंबल्यास खातेदाराला शेजाऱ्याच्या शेतातील पीकही बदलता येईल. त्यामुळे ओळनिहाय निर्बंधांची जोड आवश्यक असते. (३) प्रमाणित झालेली नोंद पुन्हा बदलू नये, असा नियम नोंदीच्या स्थितीवर अवलंबून असतो. तो स्वतंत्रपणे लिहावा लागतो. (४) पडद्यावरील रकाना झाकणे म्हणजे संरक्षण नव्हे, कारण दुसऱ्या मार्गाने आलेली आज्ञा माहितीसंच स्वीकारतोच.

भूमिकांची विभागणी कितीही काटेकोर असली, तरी एकाचा परवलीचा शब्द वा अंकीय स्वाक्षरीचे साधन दुसऱ्याच्या हाती गेल्यास नोंद घेणारा व ती प्रमाणित करणारा हे दोघे व्यवहारतः एकच होतात. म्हणून प्रत्येक बदलाबरोबर आधीची नोंद, बदल करणारी व्यक्ती, वेळ व आधारभूत आदेश यांचा इतिहास राखणे इष्ट असते. कागदी दप्तरात हे काम फेरफार नोंदवही करीत आली आहे. नवी नोंद कशावरून आली, हे उताऱ्यावरील फेरफार क्रमांकावरून शोधता येते आणि चूक झाल्यास दाद मागणाऱ्याला तोच पहिला आधार असतो.